आसनाचं माप

आमच्या घरात ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा होता. बाबा दुबईत रास अल खोरमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. ट्रकचे सुटे भाग, बोल्ट, वॉशर, बेअरिंग. दिवसभर मोजून आलेला माणूस घरी तरी मोजणं थांबवेल असं ज्यांना वाटतं, ते बाबांना ओळखत नाहीत. आईने ‘‘वाटीभर डाळ घातलीय’’ म्हटलं की ते विचारत, ‘‘कुठल्या वाटीने? घरात तीन मापांच्या वाट्या आहेत.’’ आई वाटीऐवजी हातातला डाव दाखवायची. मी बाबांवर गेलो. सतराव्या वर्षी मला माहीत होतं की शारजातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर यायला एकवीस सेकंद घेते, मध्ये कुणी थांबवली तर चौतीस. आणि खिडकीतल्या एसीच्या पाण्याने बादली जुलैत साडेपाच तासांत भरते, जानेवारीत भरतच नाही. मित्र फारसे नव्हते हे वेगळं सांगायला नको. धाकटी बहीण केतकी अकरा वर्षांची होती आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. ‘‘दादा, यू आर सो वियर्ड,’’ हे तिचं माझ्याविषयीचं संपूर्ण मत होतं. इतक्या वर्षांत तिला त्यात दुरुस्ती करावीशी वाटलेली नाही.

आमच्या समोरचा फ्लॅट बरेच महिने रिकामा होता. एके दिवशी त्याच्या दाराशी चपला-बूट दिसू लागले. मी मोजले, अकरा जोड. दोन खोल्यांत अकरा माणसं, तीन कुटुंबं. आर्मेनियन आहेत असं वॉचमनने सांगितलं, आणि आम्ही नकाशात शोधलं. ही माणसं मूळची शेजारच्या देशातल्या बाकू शहरातली. तिथे त्यांच्या लोकांविरुद्ध दंगली पेटल्या तेव्हा एका दिवसात, हाताला लागेल ते घेऊन निघालेली. मग आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये काही हिवाळे काढले, जिथे वीज दिवसाकाठी तासभर यायची. तिथून कुणा व्यापाऱ्याच्या नादाने शारजाला. हे आम्हाला पुष्कळ नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. आधी कळलं ते एवढंच, की त्यांच्याकडे एक जुनं लोखंडी शिलाई मशीन आहे. आमच्या एसीच्या घरघरीतूनही त्याचा आवाज यायचा, दुपारी कुणी दाणे कुटत बसावं तसा. दाण्यांचं कूट रोज होत नाही, हे मशीनही रोज चालायचं नाही. काम असेल तरच चालणार, आणि काम नव्हतं.

त्या घराचं नाक म्हणजे आनाहित. चाळिशीची, उंच, ओढणीसारखी टेप सदैव गळ्यात. बाकूच्या एका नाटकघराच्या पोशाख विभागात ती कापड बेतायची, म्हणजे कटर होती. तिची सासू सिरानुश, सत्तरीच्या घरातली, सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवणारी. आणि सोना, पंचविशीची, तान्ह्या मुलाची आई. ‘‘सोना! नाव तर आपल्यातलंच,’’ आई म्हणाली, आणि तेवढ्या आधारावर तिने त्या तिघींना जवळचं करून टाकलं. पुरुष सकाळी कार्गोच्या आवारात जाऊन उभे राहत. कुणी हाक मारली तर त्या दिवशी पोती उचलायची, नाहीतर दुपारी परत. सगळे व्हिजिट व्हिसावर. दोनदा देशाबाहेर, किश बेटावर जाऊन तो बदलून आणलेला, तिसऱ्यांदा जायला भाडं नव्हतं. व्हिसा संपला की येरेवानला परत, आणि तिथे घर नव्हतं.

आईने मदत सुरू केली ती तिला येत होती त्या पद्धतीने. रोज संध्याकाळी माझ्या हाती डबा, पोळ्या आणि भाजी. डबा दुसऱ्या दिवशी परत यायचा, आणि कधी रिकामा यायचा नाही. कधी गोड पावाच्या वड्या, कधी व्हिनेगरमधली काकडी. एकदा द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या, बोटाएवढ्या वळकट्या आल्या. बाबा म्हणाले, ‘‘अळूवडीचाच प्रकार दिसतोय, न तळलेला.’’ तीन खाल्ल्यावर त्यांनी पसंतीची मान डोलावली. चौथी उलगडून पाहिली तर आत तांदळाबरोबर खिमा. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात शिजायचं. बाबांनी ती पुन्हा वळून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, ‘‘तीनच खाल्ल्या.’’ आकडा बरोबर होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

महिनाभराने आनाहित स्वतः डबा घेऊन आमच्या दारात आली. आईचा हात धरला, डबा त्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘नो फूड. थँक यू. नो फूड.’’ मग स्वतःचे दोन्ही तळवे पुढे करून, ‘‘वर्क.’’

आई दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता, कुणी न विचारता म्हणाली, ‘‘बाई बरोबर बोलली. मला कुणी रोज डबा पाठवला असता तर मी आठवड्यात परत भिरकावला असता.’’ आणि फोनकडे गेली.

इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम तोंडावर होता. चिटणीस काकू सोळा मुलींचे मंगळागौरीचे खेळ बसवत होत्या आणि सोळा शिवलेल्या नऊवारी हव्या होत्या. भारतातून मागवायला वेळ नव्हता. काकूंचे यजमान, म्हणजे चिटणीस काका, हमरिया फ्री झोनमध्ये युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर होते. शाळांचे, हॉटेलांचे, सिक्युरिटीवाल्यांचे युनिफॉर्म. आईने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. काका म्हणाले, ‘‘वहिनी, माझा शेठ ऐकीव गोष्टीवर व्हिसा देत नाही. हे सोळा पीस मला बघू देत. कटिंग बरं असेल तर मी शेठकडे तिघींचा शब्द टाकतो. पक्की नोकरी, एम्प्लॉयमेंट व्हिसा, कंपनीची बस.’’ पाडव्याच्या कार्यक्रमापासून समोरच्यांचा व्हिसा संपायला एकोणीस दिवस होते. बाबांनी ‘व्हिजिटवर आलेल्यांनी शिवणकाम करणं नियमात बसतं का’ असा प्रश्न काढला होता. आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. आमच्या घरातला हा ‘विषय संपला’चा शिक्का.

आनाहितला नऊवारी काय ते माहीत नव्हतं. आईने आपली लग्नातली काढली, तीनदा नेसून दाखवली. आनाहित तिच्याभोवती फिरली, काष्टा ओढून पाहिला, निऱ्या मोजल्या, कागदावर चित्रं काढली. शेवटी म्हणाली, ‘‘ट्राउझर.’’

‘‘नाही हो, साडी,’’ आई म्हणाली.

‘‘ट्राउझर,’’ आनाहित ठाम होती. मग आईकडे नीट पाहून, ‘‘क्वीन ट्राउझर.’’

आई त्यावर आठवडाभर खूष होती.

मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. अकरावीची परीक्षा संपली होती, मी रिकामा होतो, आणि ‘आमचा मिलिंद आकड्यात कधी चुकत नाही’ अशी आईने माझी ख्याती करून ठेवली होती. आनाहितचं आणि माझं जमलंही चटकन. तिला इंग्रजी पन्नासएक शब्द यायचे, मला तिच्या भाषेतला एकही नाही. पण आकडे दोघांनाही येत होते. कागदावर लिहिलेला आकडा तिने वाचला की वाटेत काही सांडत नसे. तिने मला नऊ रकान्यांचा तक्ता आखून दिला. शब्दांऐवजी प्रत्येक रकान्यावर छोटं चित्र आणि बाण, उंची, कंबर, नितंब, पायाची लांबी, अशी. नवव्या रकान्यावर खुर्चीत बसलेली मुलगी होती, आणि बाण तिच्या कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत गेला होता. आपला शिंपी ज्याला आसन म्हणतो ते. या मापासाठी मुलीला बसवावंच लागतं. तिने गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली. मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं.

टेप मी घरी आणून टेबलाच्या खणात ठेवली आणि फोन जवळ ओढला. सोळांतली एक केतकी घरातच होती; बाकी पंधरा घरं शारजा, अजमान, दुबईभर पसरलेली, गाडी बाबा घेऊन जायचे. आणि खरं सांगायचं तर सतरा वर्षांचा मुलगा टेप घेऊन परक्यांच्या मुलींची मापं काढत हिंडतोय, ही कल्पनाच मला सहन होईना. आया घरी मोजतील, फोनवर सांगतील, मी लिहीन. आठ रकाने झकास भरले. ‘‘बारीक आहे हो माझी, लिही चोवीस इंच.’’ ‘‘काकू, सेंटिमीटरमध्ये.’’ ‘‘मग तूच कर की, हुशार आहेस ना!’’ असं करत करत पहिल्याच फोनवर चिटणीस काकूंशी नवव्या रकान्यापर्यंत आलो.

‘‘काकू, आता ते... म्हणजे तिला खुर्चीत बसवून... कमरेच्या मागून खाली...’’

‘‘काय म्हणतोयस? कुठून कुठे?’’

‘‘काही नाही काकू. झालं सगळं.’’

पुढच्या घरांना मी ते विचारलंच नाही. काकूंना परत फोन करायचा तर प्रश्नच नव्हता. पण तक्त्यातला रकाना रिकामा ठेवणं माझ्या स्वभावात बसत नव्हतं. म्हणून मी माझी पँट काढून पलंगावर पसरली आणि तिचं आसन मोजलं. सव्वीस सेंटिमीटर. माझी उंची एकशे अडुसष्ट. भागाकार केला. आलेल्या गुणोत्तराने सोळाही मुलींच्या उंचीला गुणलं. केतकीची उंची एकशे चाळीस, आसन एकवीस पॉइंट सहा सात. ती बाजूच्याच खोलीत कार्टून बघत होती. टेप खणात होती. दोघींमध्ये माझ्या पावलांनी नऊ पावलं. माझी पँट मी पोटाच्या खाली बांधतो आणि नऊवारी बेंबीशी नेसतात, हा फरक कॅल्क्युलेटरला ठाऊक नव्हता. मला ठाऊक असायला हवा होता.

आयांनी सांगितलेले आठ रकाने सगळे पूर्णांकात होते. नववा तेवढा दशांशात, दोन स्थळांपर्यंत. तक्त्यात सर्वांत काटेकोर तोच दिसत होता. आनाहितने तक्ता वरून खाली वाचला आणि त्या रकान्यावर बोट थांबवलं. ‘‘पॉइंट सिक्स सेव्हन?’’ माझ्याकडे आदराने पाहिलं. सासूला हाक मारून दाखवलं. सिरानुशने माझा गालगुच्चा घेतला आणि अख्ख्या हिरव्या अक्रोडाचा काळा मुरांबा चमच्याने भरवला. ‘‘गुड बॉय,’’ आनाहित म्हणाली. ‘‘सीरियस.’’ मी अक्रोड खाल्ला. छान होता. आणखी एक मागितला.

कापडही मीच हिशेबाने आणवलं. सातशे वीस दिरहम, म्हणजे सात हजार दोनशे रुपये. दिरहमला दहा धरले की हिशेब सोपा पडायचा. एक चिंधी वाया जाऊ नये असं बेतलं होतं, आणि त्याबद्दल बाबांनी माझी पाठ थोपटली होती. पुढचे दोन आठवडे भिंतीपलीकडचं मशीन रोज चाललं. आवाज थांबला की आई चपात्या लाटता लाटता थांबायची आणि परत सुरू झाला की लाटायला लागायची. सोळा नऊवारी तयार झाल्या, मुलींनी घालून पाहिल्या. उभ्या राहिल्या, चालल्या, गिरक्या घेतल्या. काष्टा चापून बसला होता. चिटणीस काकू म्हणाल्या, ‘‘पुण्यातसुद्धा असं शिवून मिळत नाही हो.’’ मी मापं कशी घेतली असं कुणी विचारलं नाही, तरी मी दोघातिघांना सांगितलं.

रंगीत तालीम मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये होती. झिम्मा झाला, उभी फुगडी झाली. मग काकूंनी टाळी वाजवली, ‘‘यल्ला मुलींनो, बसफुगडी!’’ सोळा मुली उकिडव्या बसल्या आणि एकेक पाय पुढे टाकून उड्या मारायला लागल्या.

टर्रकन पहिला आवाज केतकीच्या नऊवारीचा आला. मग तिच्या शेजारणीचा. मग माझ्याने मोजवेना, पण मोजले, सोळापैकी अकरा. खाली सगळ्यांनी पीटीच्या चड्ड्या घातल्या होत्या म्हणून अब्रू वाचली. केतकी दोन्ही हात मागे धरून, भिंतीला पाठ लावून किंचाळत होती, ‘‘मम्मी, आय अ‍ॅम नॉट डुइंग धिस! आय अ‍ॅम डाइंग!’’

चिटणीस काका मुलीला न्यायला आले होते. त्यांनी एक नऊवारी उलटी करून दिव्यापुढे धरली. ‘‘वहिनी, दोरा चांगला आहे, टाके चांगले आहेत. पण आसनात कमी कापलंय. सगळ्यांना कमी. ही कटिंगची चूक आहे. एवढं ज्याला कळत नाही त्याला मी टेबलाशी कसा उभा करू? शेठ मलाच घरी पाठवेल.’’

आई म्हणाली, ‘‘अहो, पण ती नाटकघरात...’’

‘‘नाटकात माणसं उभी असतात, वहिनी.’’

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. खिशात त्या तक्त्याची माझी प्रत होती. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर आज हे प्रकरण दोन पानांत संपलं असतं. मी काय केलं, तर पडलेल्या सेफ्टी पिना गोळा केल्या.

आई गाठोडं घेऊन थेट समोरच्या फ्लॅटमध्ये गेली, मागोमाग मी आणि केतकी. आनाहितने फाटलेले कपडे पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तक्ता काढला, टेप काढली आणि एकेक नऊवारी पसरून मोजू लागली. ‘‘ओके.’’ दुसरी. ‘‘ओके.’’ सोळाच्या सोळा ओके. तक्त्यात होतं तेवढंच तिने कापलं होतं. मग तिने केतकीला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि कमरेपासून स्टुलापर्यंत टेप लावली. सव्वीस. तक्त्यात बोट फिरवून केतकीच्या नावापाशी आणलं. एकवीस पॉइंट सहा सात. तिने मान वर केली.

‘‘यू मेझर?’’

‘‘येस,’’ मी म्हणालो.

तिने टेप माझ्या हातात दिली. ‘‘मेझर.’’

मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या कमरेला टेप लावली. सव्वीस. परत लावली. सव्वीस. खोलीत सोनाचं बाळ तेवढं काहीतरी बडबडत होतं. मी म्हणालो, ‘‘नो मेझर. कॅल्क्युलेट.’’ हा शब्द बहुतेक तिच्याकडेही असावा, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. खाली बसली आणि सासूला चार शब्दांत सांगितलं. सिरानुशने माझ्या गालाकडे असं पाहिलं की घेतलेला गालगुच्चा परत घेता आला असता तर तिने घेतला असता.

आईने मला आयुष्यात कधी मारलं नाही, तेव्हाही नाही. बाहेर लॉबीत आल्यावर म्हणाली, ‘‘उद्या पंधरा घरं. मी मोजीन, तू लिही. आणि का आलोय ते प्रत्येक घरी तू सांगायचंस. मी नाही सांगणार.’’ बाबांनी चार वर्षांत पहिली कॅज्युअल लीव्ह टाकली, आम्हाला फिरवायला. अल नहदाच्या सिग्नलला त्यांना राहवलं नाही. ‘‘अंदाजे लिहिलंस ते लिहिलंस. दशांश चिन्ह कशाला दिलंस?’’

पहिल्या घरी माझ्या तोंडून वाक्य धड बाहेर पडेना. सहाव्या घरापर्यंत ते पाठ झालं, ‘‘काकू, आसनाचं माप मी विचारलंच नव्हतं, मनाने काढलं होतं, चूक माझी आहे, टेलरबाईंची नाही.’’ दहाव्या घरापर्यंत मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचा थोडा अभिमानही वाटू लागला होता, तेवढ्यात तिथल्या आजी म्हणाल्या, ‘‘मग तेव्हाच विचारायचंस की मेल्या, त्यात लाजायचं काय? आसनच ना? सगळ्यांनाच असतं.’’ आत मुली खुसुखुसु हसत होत्या. एका घरी पोहे मिळाले, एका घरी पाणीसुद्धा नाही. चिटणिसांचं घर मी यादीत पंधरावं, म्हणजे शेवटचं ठेवलं होतं. आईच्या ते लक्षात आलं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. तक्ता मागितला. आईने बरोबर आणलेली त्यांच्या मुलीची नऊवारी घेतली, ब्लेडने आसनाची शिवण उसवली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. चष्मा लावून पोलादी पट्टीने मोजलं. मग दुसरी बाजू मोजली. मग पुन्हा तक्ता.

‘‘तेवीस पॉइंट दोन एक. हे तू लिहिलंस?’’

‘‘हो, काका.’’

‘‘आणि तिने तेवीसवर दोन मिलिमीटर कापलंय. दोन्ही बाजूंना.’’ काकूंना म्हणाले, ‘‘अगं, माझ्याकडे बारा कटर आहेत. पाच मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तरी मी देवाचे आभार मानतो.’’ मग माझ्याकडे वळले. ‘‘चुकीचा आकडा आला की नोकरी कुणाची जाते माहीत आहे? कापणाऱ्याची. लिहिणाऱ्याची कधी जात नाही. काल माझ्या हातून तेच होत होतं.’’

मी आता बांधकामाची बिलं तपासतो. कुणी दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा आणला की आधी विचारतो, ‘‘मोजलंय, की काढलंय?’’ हाताखालची पोरं मला मागून ‘टेपवाले अंकल’ म्हणतात. त्यांना वाटतं मी जन्मतःच असा आहे.

काकांचं मत बदललं तरी फाटलेल्या नऊवारींचं काय, हे राहिलंच होतं. आनाहितने तोड काढली. नाटकात नाचणाऱ्यांच्या विजारीत घालतात तसा, दोन पायांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालायचा. पण त्या रंगाचं कापड माझ्या कृपेने बोटभरही शिल्लक नव्हतं, आणि दुकानातलं ठाण संपलेलं. आईने कपाट उघडलं. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असतो तसा हळदीकुंकवांत आलेल्या ब्लाउजपीसचा साठा आमच्याकडेही होता. त्रेचाळीस नग, आणि प्रत्येकाला देणारीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली, म्हणजे चुकून तिलाच परत जाऊ नये. तीन चिटणीस काकूंकडून आलेले होते, त्यातला एक मुळात आईनेच त्यांना दिलेला. हिरवे, जांभळे, ठिपक्यांचे. ‘‘खाली कोण बघतंय?’’ आई म्हणाली आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या.

गुरुवारी सकाळपासून काम सुरू झालं. सिरानुश उसवायची, आनाहित कापायची, सोना मशीनवर. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. एकीचा हात पुढे यायच्या आत दुसरीचा त्यावर कापड ठेवायचा. मला इस्त्री दिली होती, मापाच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. दुपारी चिटणीस काका न सांगता आले. त्यांना छोट्या कपात कडक कॉफी मिळाली. ती हातात धरून ते दाराशी उभे राहिले, घड्याळाकडे पाहत, पाऊण तास. मग कप ठेवला आणि गेले.

शुक्रवारी मुली बसफुगडीला बसल्या तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. आनाहित, सिरानुश आणि सोना भिंतीला लागून उभ्या होत्या, बाळासकट. मंचावर उड्या सुरू झाल्या. पेटी, टाळ्या, आयांच्या आरोळ्या, आणि त्यातून मी फक्त एका आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. केतकी तर ठरल्यापेक्षा चार उड्या जास्त मारून गेली. मंगळवारी मरायला निघालेली मुलगी.

नंतर वडे आणि चहा. चिटणीस काका गर्दीतून वाट काढत आनाहितपाशी आले. शेठशी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. ‘‘मॅडम, जॉब. व्हिसा.’’ दोन बोटं वर केली. ‘‘टू. यू अँड मशीन गर्ल. ओल्ड लेडी, सॉरी, नॉट पॉसिबल.’’

आई पुढे झाली तर बाबांनी तिचा पदर धरला. मला वाटलं, आता आनाहित दोन तरी घेईल. दोन म्हणजे तीनांतले दोन, सहासष्ट टक्के; माझ्या डोक्यात हिशेब झालासुद्धा. आनाहितने हात वर केला, तीन बोटं.

‘‘मॅडम, टू.’’

तिचा हात तसाच वर. काका शेठचा नियम सांगू लागले, वयाचं सांगू लागले, विम्याचं सांगू लागले. बोटं तीनच. बायका वडे खायच्या थांबल्या. एकोणीस दिवसांनी या बाईला राहायला जागा नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला सर्वांत जास्त माहीत होतं. सिरानुशला काही कळत होतं की नाही कोण जाणे, ती सुनेच्या बाहीवरचा एक दोरा निगुतीने काढत होती. काकांच्या चहावर साय धरली. अखेर ते म्हणाले, ‘‘तुम्हां बायकांपुढे... खलास. थ्री. ओल्ड लेडी तीन महिने ट्रायल. शेठला मी बघतो.’’ आनाहितने हात खाली घेतला. दंड दुखत असावा, दुसऱ्या हाताने चोळत होती. मग तिने वडा मागितला.

व्हिसाचे कागद सतराव्या दिवशी आले. पहिल्या दिवशी कंपनीची मिनीबस सकाळी सहाला खाली येणार होती. आईने पाच वाजल्यापासून केस विंचरून, चांगली साडी नेसून खिडकी धरली. बाबाही दाढी अर्धी टाकून आले. मी होतोच. केतकीलासुद्धा उठवलं होतं. तिघी खाली आल्या, हातात आपापले डबे. आईने हात वर केला, मग आम्ही सगळ्यांनी केला, चौघं एका खिडकीत दाटीने. खाली त्यांचं काहीतरी जोरात चाललं होतं, पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून असावं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सिरानुश पुढे बसली. दार लागलं आणि बस वळली.

‘‘दे डिडन्ट इव्हन लुक,’’ केतकी म्हणाली.

‘‘कामाला उशीर होत होता त्यांना,’’ आई म्हणाली, आणि हात खाली घेऊन बाबांच्या डब्याच्या पोळ्या लाटायला गेली.